पुलावरची केसाएवढी रेघ

सकाळी पूल-तपासनीस बाई शिडीवर चढल्या, तेव्हा नेहमीप्रमाणे गंज खरवडायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिसऱ्या तुळईवर ब्रश फिरवला आणि रंगाखालून एक रेघ निघाली. केसाएवढी बारीक, पण वीतभर लांब. मागच्या तपासणीत ती नव्हती. बाईंनी तिचा फोटो काढला.

तेवढ्यात डोक्यावरून सव्वादहाची पॅसेंजर धडधडत गेली. रेघ किंचित उघडली आणि मिटली. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्याच गाडीत त्यांचा थोरला भाऊ होता. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसला जायचा आणि चारच्या गाडीने याच पुलावरून परत यायचा.

त्या धावतच कचेरीत गेल्या. साहेबांनी फोटो पाहिला, दार लोटून घेतलं.

"सोमवारी समिती बसतेय. या मार्गावर पैसे घालायचे की तो बंद करायचा, हे ठरणार. प्रवासी मोजून चारशे. त्यात ही तुळई दाखवली, तर मार्ग गेलाच म्हणून समजा. 'लक्ष ठेवावे' एवढंच लिहा."

"आणि त्याआधी तुळई गेली तर?"

"मलाही गाडी हवीच आहे हो," साहेब पुटपुटले. घाबरले होते तेही.

गाडी बंद झाली की उरतो घाट. जीपने तीन तास. मागे एकदा त्याच वळणांवर दादाची शुद्ध हरपली होती. घड्याळात तीन वाजून गेले होते. गाडी थांबवायचा अधिकार तपासनिसाला असतो. बाईंनी तो कधी वापरला नव्हता. त्यांनी स्टेशनमास्तरला फोन लावला.

"चारची… पुलाअलीकडे थांबवा. लेखी देते."

प्रवाशांना तिथून ट्रकमधून गावात आणलं. दादा उतरला तो पांढराफटक.

"तूच थांबवलीस ना, धाकटे?"

"हो."

"अर्ध्या तिकिटाचे पैसे परत मिळतात का बघ," तो हसला. मग हळूच म्हणाला, "परवा कसा जाऊ गं मी?"

बाईंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

सोमवारी समितीने खर्च जास्त, प्रवासी कमी असं म्हणून मार्ग बंद केला. दवाखान्यात जाणारे कुठे धरलेत, असं बाईंनी उभं राहून विचारलं. "इतर फायदे" या रकान्यात, असं उत्तर मिळालं. रकाना कोराच होता.

आता आठवड्यातून तीनदा त्या दादाला जीपमध्ये बसवतात. घाट उतरल्याचा त्याचा फोन येईपर्यंत त्यांना इतर पुलांच्या कामासाठीही शिडीवर पाय ठेववत नाही.