दयाआजीच्या कपाटातला जैतुनाचा डबा

मी एक पोचे पडलेला, पिवळ्या पत्र्याचा तेलाचा डबा हाय, मित्रांनो. संगमनेरात दयाआजीच्या ओट्यावर बसून तुमाला माझी कथा सांगतोय. मधी थोडी फोडनी पडली तर चालवून घ्या.

माझं गाव पॅलेस्टाईनात, बेथलेहेमच्या शेजारी. तिथं सलमाआजीची जैतुनाची, म्हंजी ऑलिव्हची, झाडं. एक झाड तर इतकं म्हातारं, की डोंगर त्याला काका म्हनतो! दिवाळीच्या सुमाराला आख्खं गाव झाडाखाली. खाली चादरी आंथरायच्या आनि पोरीच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तशा फांद्या विंचरून जैतुनं पाडायची. काठीनं बडवायचं न्हाई, झाडाला लागतं. झाडावरचं कच्चं फळ लई कडू. एका बोकडानं खाल्लं, त्याचं तोंड अजून वाकडंच हाय. मग घान्यावर हिरवंगार तेल निघतं. ते गरम रोटीवर घ्यायचं, वर झातर नावाची तिळाची चटनी. तिकडं झाड तुटलं तर घरातलं मानूस गेल्यासारखं रडत्यात.

दयाआजी चर्चच्या लोकांसंगं तिकडं यात्रेला आल्ती. सलमाआजीनं मला भरून तिच्या मांडीवर ठिवलं आनि गाईडाकडून सांगितलं, "खायला दिलंय. वर्साच्या आत संपवा." दयाआजीनं जोरात मान हलवली.

आनि घरी येऊन मला कपाटात, पवित्र शास्त्राशेजारी, कुलुपात घातलं! "पवित्र भूमीचं तेल हाय. थेंबभरच वापरायचं."

एक थेंब गुडघ्याला, एक परीक्षेच्या पेनाला. एकदा शेजारची गोजरबाई आली. "दया, माझी म्हैस लई लाथा मारती गं." दयाआजीनं म्हशीच्या कपाळावर थेंब लावला. म्हशीनं दयाआजीच्या नवऱ्याला, शांतवनआजोबांना, अशी लाथ मारली, की ते थेट कडब्यात!

"बघ," दयाआजी म्हनली, "दुसरी न्हाई मारली."

"दुसरी मारायला समोर कोन ऱ्हायलंय?" आजोबा कडब्यातनं वरडले.

इकडं मी दिवस मोजत हुतो. अकरा महिनं झालं. अजून थोडं थांबलं तर तेल खवट हुनार, सलमाआजीची मेहनत वाया जानार. पन डब्याचं ऐकतंय कोन?

एक दिवस नात एंजलनं इचारलं, "आजी, तिकडं ह्या तेलाचं काय करत्यात?"

दयाआजी खोटं बोलायला बसली हुती, पन जमलं न्हाई. "खात्यात."

"मग आपन?"

आजी उठली. कुलूप निघालं. बाजरीची गरम भाकरी, वर तेलाची धार, वर तिळाची चटनी.

गोजरबाईनं घास घेतला आनि ठसकली. "अगं, घसा खवखवतोय! बिघडलंय!"

"गोजरे, चांगलं तेल असंच लागतं. खा गुमान."

आठ दिवसांत मी रिकामा. पन मित्रांनो, आपल्याकडं शेजारनीचं भांडं रिकामं परत देत न्हाईत. आता दयाआजीनं मला धुवून पुसून शेंगदान्याच्या चटनीनं भरलंय. पुढच्या यात्रेसंगं मी घरी चाललो. वर चिठ्ठी चिकटवलीय, "महिन्याच्या आत संपवा."

कुनी मायेनं खायला दिलं तर त्याला कुलूप लावू नका, पोरांनो. चार मानसं बोलवा आनि खा. मला आता एकाच गोष्टीचं भ्या वाटतंय. सलमाआजीच्या घरातबी एक कपाट हाय.