दुपारच्या झोपेचा खुलासा

"अहो, ते शेवटचं वाक्य काढा," मी पुन्हा म्हटलं.

"का काढू? खरं आहे ते," आमचे हे मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

इथे माझं पाळणाघर बुडायला आलं होतं आणि ह्यांना खऱ्याची पडली होती.

झालं होतं असं. पाळणाघरांना सरकारी परवाना सक्तीचा करावा की नको, यावरून मोबाइलवर नुसती हाणामारी चालली होती. त्यात कोणा सक्तीवाल्याने माझ्याकडच्या पोरांचा फोटो टाकला. दुपारची वेळ, गाद्यांवर ओळीने झोपलेली पोरं. खाली लिहिलं, 'झोपेचं औषध देऊन पाडून ठेवतात.' माझ्या खिडकीला मी कधी पडदा लावला नाही. ज्याला बघायचंय त्याने येता-जाता डोकावावं, हा माझा तोरा. फोटो त्याच खिडकीतून काढलेला. पोरं जेवून, दंगा करून दमली की आपोआप झोपतात, त्याला औषध कशाला लागतंय? पण ऐकणार कोण. एकेक आई येऊन पोराची उशी परत मागू लागली.

आमचे हे रिटायर झाल्यापासून खोट्या पोस्टखाली खुलासे लिहितात. फुकट. तिथला नियम असा, की खुलासा कोणीही लिहावा, पण एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या दोन्ही बाजूंनी 'उपयोगी' असं मत दिलं तरच तो सगळ्यांना दिसतो. ह्यांनी लिहिला होता झकास. पोरांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं जोडलं, दुपारचं वेळापत्रक जोडलं. आणि शेवटी शेपूट लावलं : 'सक्तीवाल्यांना अफवांशिवाय दुसरं सुचतं काय?' ह्यांच्या, म्हणजे सक्ती नको म्हणणाऱ्या लोकांनी धडाधड मतं दिली. सक्तीवाल्यांचं एक नाही. कशाला देतील ते?

शेवटी मी भाऊजींना बोलावलं. ह्यांचे धाकटे भाऊ, कट्टर सक्तीवाले. याच वादापायी दोघा भावांनी बोलणं टाकलेलं.

भाऊजी समोर बसून मला म्हणाले, "वहिनी, दादाला सांगा, ते वाक्य काढ. मी मत देतो, आमच्या लोकांनाही सांगतो."

"त्याला सांग, फोटो त्याच्याच लोकांनी टाकलाय," हे म्हणाले.

"वहिनी, त्याला विचारा, मी टाकलाय का?"

दोघांत हातभर अंतर आणि निरोप माझ्यामार्फत. माझं टाळकंच सरकलं.

"मी काय टपाल आहे का तुमचं? अहो, वाक्य खरं असेल, शंभरदा खरं असेल. पण मला त्याचं काय करायचंय? आतल्या खोलीतल्या रिकाम्या गाद्या मोजून या आधी."

हे उठले. आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग येऊन एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून ते वाक्य पुसलं आणि मोबाइल भावापुढे धरला. "बघ रे. आता ठीक आहे?"

भाऊजींनी नीट वाचलं. "आता ठीक आहे, दादा."

संध्याकाळपर्यंत खुलासा सगळ्यांना दिसू लागला. दोघं भाऊ लग्न ठरल्यासारखे खूश. मीही देवाचे आभार मानले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या बाई आल्या. त्यांची मुलगी माझ्याकडे रांगायला शिकली.

"मावशी, खुलासा वाचला हं. आम्हाला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "पण घरचे म्हणतात, आगीशिवाय धूर निघत नाही. तिची चादर देता का?"

मी घडी करून दिली. हे दारात उभे होते. एरवी मुद्द्यावर मुद्दे काढणारा माणूस त्या बाईंना वाट द्यायला बाजूला सरकला.

त्या दुपारी एकच पोर आलं. झाडूवालीचं. तिच्याकडे साधा फोन आहे, त्यावर असलं काही दिसत नाही. सवयीने मी सगळ्या गाद्या घातल्या आणि मधल्या गादीवर त्याला थोपटत बसले.

हे स्टुलावर चढले. हातात जुनी चादर, दातांत खिळे. "खिडकीला पडदा लावतो."

"नको," मी म्हटलं. "उतरा खाली."

पोराचे डोळे मिटू लागले. तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी थांबलं, आणि त्याचा हात खिशाकडे गेला. हे माझ्याकडे बघत राहिले. मी थोपटत राहिले.