काचेखालचा डोंगर

तीन महिने आत्याने त्याच्या नाकी नऊ आणले होते. तो नकाशे करायचा. कागदावरचे नव्हेत, लाकडी फळीवर प्लास्टर लिंपून डोंगरदऱ्या उठवलेले, हाताला लागतील असे. आत्याने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. गेली ती फक्त नजर. जीभ चांगली शाबूत होती.

"ठोंब्या, पठार म्हणजे काय ताट आहे का रे, इतकं गुळगुळीत?" फळीवर बोटं फिरवत ती म्हणायची. "आणि डोंगर दोन्हीकडून सारखाच? समुद्राच्या बाजूला कडा तुटलेला हवा, पठाराकडे सावकाश उतार. किती वेळा सांगायचं?"

"अगं, सगळं वेगवेगळं कळतंय की! पठार तांबूस, मैदान हिरवं, किनारा पिवळा..." बोलता बोलता त्याने जीभ चावली. आंधळ्या मुलांसाठी नकाशा करायचा आणि पठार-मैदानातला फरक रंगाने दाखवायचा! आत्याने नुसती फळी त्याच्याकडे परत सरकवली, तेच त्याला जास्त झोंबलं. मग मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत तो पुन्हा पटाशी घेऊन बसला. डोंगराची एक बाजू तासली, पठारावर जाड रेती चिकटवली, नदीकाठच्या मैदानावर मऊ कापड, किनाऱ्यावर बारीक वाळू.

हा सगळा खटाटोप एका तासासाठी होता. अंधशाळेच्या मोठ्या बाई आत्याला म्हणाल्या होत्या, "एक धडा घेऊन दाखवा. मुलांना समजला, तर उद्यापासून या." धडा होता राज्याच्या नैसर्गिक विभागांचा. घरात बसून बसून आत्या आतून संपत चालली होती, ते त्याला दिसत होतं. म्हणून तर तिची कटकट ऐकून घ्यायची. नाहीतर कोण ऐकतो हो!

नकाशा त्याने दोन दिवस आधीच शाळेत पोहोचवला होता. धड्याच्या सकाळी आत्याचा हात धरून वर्गात शिरतो तो काय, नकाशावर ही भलीमोठी काच! शेजारी संस्थेचे अध्यक्ष हसतमुखाने उभे.

"कशी वाटली? स्वतः उभं राहून बसवून घेतली. आता धूळ नाही, हात नाहीत. वर्षानुवर्षं टिकेल."

"अहो, पण मुलं हात कुठे लावणार?"

"हात लावायचेच नाहीत! म्हणून तर काच."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो साहेब, डोळे नाहीत म्हणून हा नकाशा! मुलं बघणार कशाने?"

"बाई आहेत ना, समजावून सांगतील," अध्यक्ष म्हणाले. काच उचकटायला तो धावला, तर शिपाई आडवा आला. कडा चांगल्या चिकटवल्या होत्या. ओढली की अर्धा डोंगर वर येणार. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं बाकं चाचपत बसायला लागली. मोठ्या बाई मागे खुर्ची घेऊन बसल्या.

आत्याने तळवा टेकवला. गार, सपाट काच. तिचा चेहरा पडला.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. त्याला अगदी रडायला आलं होतं.

"बाजूच्या टेबलावर झोप," आत्या म्हणाली.

"काय?"

"पालथा झोप. बहिरा झालास का?"

"आत्या, अगं, पन्नाशीला आलो मी!"

"मग पाठ चांगली रुंद झाली असेल. झोप."

झोपला बिचारा. आत्याने हातातली पिशवी त्याच्या डाव्या कुशीखाली सारली, तशी ती बाजू उचलली गेली आणि पाठ उजवीकडे उतरती झाली. मग तिने मुलांना टेबलाभोवती बोलावलं.

"ही उंच बाजू म्हणजे आपली डोंगररांग. इकडे एकदम खाली या. हाताला टेबलाची अरुंद पट्टी लागली? तो किनारा. टेबल संपलं की समुद्र. आता पुन्हा वर चढा आणि दुसऱ्या बाजूने उतरा. लांब आहे की नाही? हे पठार. फासळ्या लागतायत ना, तशा त्यावर लहान टेकड्या. पार खाली सपाट लागेल, ते मैदान. पाऊस वर पडला, तर पाणी कुठे जाईल?"

"इकडून हळूहळू, लांबपर्यंत," एक मुलगी त्याच्या पाठीवरून बोट नेत म्हणाली. "आणि समुद्राकडची नदी धपकन पडेल, बाई!"

"शाब्बास!"

आवाज खणखणीत होता, जुन्या वर्गातला. पण त्याच्या खांद्यावर टेकलेला तिचा हात सुरुवातीपासून थरथरत होता. वर्गात कुणालाच ते ठाऊक नव्हतं, फक्त त्याच्या पाठीला कळत होतं. तीन महिने आपल्यावर खेकसणारी ही बाई इतकी घाबरलेली होती, आणि आपण कटकट कटकट म्हणत बसलो! गुदगुल्या होत होत्या, मान अवघडली होती, तरी तो श्वास रोखून पठार होऊन पडून राहिला.

कोपऱ्यात अध्यक्ष काचेची कड नखाने खरवडून बघत होते.

"बाई," मागून मोठ्या बाईंनी विचारलं, "उद्या कोणता धडा घ्याल?"

आत्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "हवामान," ती म्हणाली.

"अरे देवा! आता हवामानाला माझं काय करणार आहेस?" तो टेबलावरून ओरडला, आणि सगळा वर्ग हसला.

मुलं जागेवर गेली, तास संपला. आत्याचा हात अजून त्याच्या खांद्यावरच होता, आणि आता अजिबात थरथरत नव्हता. तो उठला नाही.