राहू दे

"अगं, तू कधी येणार?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"येईन गं. गप्प बस ना जरा."

छापखान्याचं तळघर, चाळीस खुर्च्या, पडदा म्हणून भिंतीला ठोकलेली चादर आणि रविवारची दुपार. तेवीस वर्षं ती अशाच तळघरांत दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांत काम करत आली होती. ना परवाना, ना पोस्टर, ना पडद्यावर कुणाचं नाव. एरवी दवाखान्यात फोन उचलायचे आणि सुटीच्या दिवशी कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं. त्यातून या सिनेमांच्या दिग्दर्शकाला चेहऱ्यांचं वावडं. त्याने तिची पाठ दाखवली, टाचा दाखवल्या, एका सिनेमात तर नुसती कोपरं. घरच्यांनी थट्टा करून करून शेवटी तो विषयच सोडून दिला होता.

या वेळी मात्र चेहरा होता. खिडकीशी बसून ती भावाचं पत्र वाचते, सलग नऊ मिनिटं. दृश्य संपल्यावर दिग्दर्शकाने कॅमेरा बंद केला. मग म्हणाला, "राहू दे." त्यांच्या मंडळीत याहून मोठी शाबासकी नव्हती. याला हात लावायचा नाही, सिनेमात हे असंच राहू दे. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ही शाबासकी तिच्या वाट्याला आली, आणि महिनाभरात दिग्दर्शक वारला. पुढचे दिवस तिने त्या दोन शब्दांवर काढले. 'आता मी दिसणार' म्हणून आईला सांगितलं, तर आईनेही हौसेने मोतीबिंदू काढून घेतला.

पडद्यावर पाठ आली. टाचा आल्या. मग खिडकी आली, रिकामी. आणि दिवे लागले.

ती तडक मागे गेली. संकलन करणारी बाई नवी, दिग्दर्शक गेल्यावर बाहेरून बोलावलेली.

"पत्राचं दृश्य कुठंय?"

"ते होय? त्यांच्या वहीत लिहिलेलं, राहू दे. म्हणून मग राहू दिलं, घेतलंच नाही."

"आणि मूळ चित्रण?"

"डिस्कवर जागाच नव्हती हो. जे घ्यायचं नव्हतं ते पुसून टाकलं." बाईचा चेहरा उतरला. "का? ठेवायचं होतं का?"

तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? आपण आता कधीच कुणाला दिसणार नाही, एवढंच तिला स्वच्छ कळलं.

आई खुर्चीतच बसून नवा चष्मा पुसत होती.

"माझा डोळा लागला की काय गं? तू येऊन गेलीस?"

"हो. येऊन गेले."

"मेलं माझं लक्षच नाही! परत लावतील का? विचार की त्यांना."

"राहू दे, आई," ती म्हणाली, आणि आईच्या हातातला चष्मा घेऊन तिने तो तिच्या डोळ्यांवर नीट बसवला.