आचलचा डबा

"हलव वं, अजून हलव!" पिंकी सतरंजीवर गुडघे टेकून ओरडली.

प्राजक्तानं स्टीलचा डबा कानाशी धरून पुन्हा जोरात हलवला. आत काही वाजलंच नाही. "माती भरून आणली काय वं यात?" ती म्हणाली, तशी आचल पोट धरून हसली.

प्राजक्ताच्या घरच्या गच्चीवर कोजागिरीची संध्याकाळ होती, भुलाबाईचा, म्हणजे वऱ्हाडातल्या पोरींच्या गाण्यांच्या अन खाऊच्या सणाचा, शेवटचा दिवस. गाणी तिघींपैकी कोणालाच धड येत नव्हती, म्हणून ती मोबाइलवर लावून त्यांनी नुसत्या टाळ्या पिटल्या होत्या. पण गाण्यांनंतरचा खेळ तिघीही आपापल्या घरी लहानपणापासून खेळत आल्या होत्या. प्रत्येकीनं झाकलेल्या डब्यातून खाऊ आणायचा, आणि बाकीच्यांनी तो डबा हलवून, आवाजावरून ओळखायचा. वास घेणारी बाद. पिंकीचा चिवडा पहिल्याच झटक्यात ओळखला गेला. प्राजक्ताच्या साखरफुटाण्यांनी तर हलवायच्या आधीच चुगली केली होती. आता आचलचा डबा तेवढा राहिला होता.

"लाडू!"

"नाही."

"शंकरपाळे!"

"अवं, शंकरपाळे वाजले नसते काय?"

"हरलो बाप्पा," पिंकीनं हात टेकले. "उघड आता."

आचलनं झाकण काढलं. आत संत्र्याच्या गराच्या केशरी वड्या, एकीला एक चिकटून दाबून बसवलेल्या. प्राजक्ताची आई कौशल्याकाकू दुधाचं पातेलं घेऊन वर आल्या होत्या, त्यांनीही दोन वड्या खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाल्या, "काय चव हाय वं पोरी! अशी वडी मायाच्यानं होत नाही." मग दूध ठेवून त्या खाली गेल्या.

आचल हवेतच होती. अकोल्यात राहायला येऊन तिला दीड वर्ष होत आलं होतं. कॉलेज, क्लास, मेस आणि खोली, एवढंच तिचं अकोला. क्लासमधल्या मुली नोट्सपुरत्या बोलायच्या. या दोघी मात्र महिन्यापूर्वीच्या चाचणी परीक्षेत तिच्या बाकावर आल्या, आणि तेवढ्यात गूळपीठ जमलं. कोणाच्या घरी राहायला जायची ही तिची पहिलीच वेळ. त्या आनंदाच्या भरात तिची जीभ सैल सुटली.

"दाबून भराचं, म्हणजे वाजत नाही," ती म्हणाली. "ताईनं शिकवलं मले. भुलाबाईत ते कधीच हरत नव्हती. या वड्या बी तिनंच..."

ती थांबली, पण उशीर झाला होता.

"तुयी ताई तं बंगलोरले हाय ना?" प्राजक्तानं विचारलं.

पिंकीनं वडी मोडून पाहिली. "बंगलोरहून कशा येतीन? कालपरवाच्या दिसून राहिल्या या."

 संध्याताई बंगलोरला नोकरीला आहे, तिला सुट्टी मिळत नाही, हे तिच्या वडिलांनी, खुशालरावांनी, अख्ख्या गावाला, अकोटला, सांगितलेलं होतं. आणि आचलनं ते अकोल्यात सगळ्यांना सांगितलेलं होतं. खरी गोष्ट अशी, की संध्याताई अमरावतीत होती आणि दर रविवारी जादा तासाच्या नावाखाली आचल तिच्याकडे जायची. हे खुशालरावांना कळलं तर दुसऱ्या दिवशी आचलचं कॉलेज बंद, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. तसं त्यांनी बजावूनच अकोल्याला धाडलं होतं, "त्या घराचं नाव घेतलं तं पुस्तकं गुंडाळून ठेवीन."

ती सहज म्हणू शकली असती की वड्या ताईनं सांगितलेल्या दुकानातल्या आहेत. पण खोटं बोलून बोलून तिचा जीव विटला होता. आणि समोर दोन मैत्रिणी होत्या, एका पांघरुणात पाय खुपसून बसलेल्या.

"कोणाले सांगसान नाही ना?"

"भुलाबाईची शपथ," प्राजक्ता म्हणाली. पिंकीनं गळ्याला चिमटा घेतला.

मग आचलनं सांगितलं. स्वप्निलजीजू जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. बौद्ध आहेत. लग्न विहारात झालं, माहेरचं कोणी गेलं नाही. वड्यांची संत्री त्यांच्या मामाच्या गावची, शेंदूरजनाघाटची. ताईनं अण्णांना, म्हणजे वडिलांना, किती फोन केले, अण्णांनी नंबरच बंद करून टाकला. सांगता सांगता ती रडली, आणि प्राजक्तानं तिला घट्ट धरून ठेवलं. "तू आमाले आधी काहून नाही सांगतलं वं?" ती म्हणाली. त्या रात्री आचलला अशी झोप लागली, की आपण परक्या घरी आहोत हेही ती विसरली.

सकाळी ती दात घासायला मागच्या अंगणात गेली. नळाजवळ तिचा डबा पालथा पडला होता, राखेनं घासून लखलखीत केलेला. तिला नवल वाटलं. डबा रिकामा परत करायचा नसतो, चार दाणे साखर तरी घालतात, हे तर लहान पोरालाही माहीत असतं. मग तिची नजर भिंतीकडच्या कचऱ्याच्या बादलीत गेली. वरच केशरी वड्या होत्या, अर्ध्याहून जास्त, चहाच्या चोथ्यात माखलेल्या.

"मुंग्या लागल्या होत्या," मागून कौशल्याकाकू म्हणाल्या.

आचलनं बादलीत नीट पाहिलं. औषधाला एक मुंगी नव्हती.

"पोहे होऊन राहिले," काकू म्हणाल्या. "खाऊन घे. अन कोठं जाऊ नको आता. तुये वडील येऊन राहिले."

कौशल्याकाकूंचं माहेर अकोटचं. भाऊ तिथंच, खुशालराव कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसत त्याच्या समोरच त्याचं दुकान. आपल्याकडे बातमी पोचायला फोन लागतो असं लोक म्हणतात, पण खरा लागतो तो नातेवाईक. पोह्याचे कांदे चिरेपर्यंत बातमी अकोटला पोचली होती.

आचल तरातरा आत गेली. प्राजक्ता आरशासमोर वेणी घालत होती, पिंकी पलंगावर मोबाइल पाहत होती.

"तू शपथ घेतली होती!"

प्राजक्ताचा हात वेणीतच राहिला. "मी कोठं कोणाले सांगतलं? फक्त आईले सांगतलं. आई काय परकी हाय?"

"अन मी बी फक्त भावाले सांगतलं," काकू दारातून म्हणाल्या. "तुयाच भल्यासाठी वं पोरी. उद्या तू बी तसंच काही करून बसली तं तुया मायनं कोणाकडे पाहावं?"

फक्त! प्रत्येकीनं फक्त एकालाच सांगितलं होतं, म्हणून कोणीच दोषी नव्हतं. आचलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नळाजवळचा डबा आणून काकूंसमोर धरला.

"वड्या काहून फेकल्या, काकू?"

"सांगतलं ना, मुंग्या..."

"काल तुमी दोन खाल्ल्या. बोटं चाटली. अशी वडी मायाच्यानं होत नाही म्हणाल्या. रात्रीतून वडी बदलली, का कोणाच्या घरची हाय ते कळलं?"

काकूंचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "पाहा, पाहा कशी बोलते! संगतीचा गुण दुसरं काय?"

पिंकीनं मोबाइल उलटा ठेवला आणि मान खाली घातली. प्राजक्ता रडायला लागली. काल रात्री याच मुलीच्या खांद्यावर आपण रडलो, याचीच आचलला किळस आली. माफ करायचं की नाही, हे तिनं मनाशी विचारलंसुद्धा नाही. तिनं बॅग भरली आणि ओसरीवर जाऊन बसली.

खुशालराव दहाच्या सुमारास आले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, डोळे लाल. काकूंनी "दादा, चहा" म्हटलं तर त्यांनी नुसता हात हलवला. परक्या घरात त्यांनी आवाज चढवला नाही. तो त्यांनी कधीच चार लोकांत चढवला नव्हता.

"दर रविवारी कोठं जात होती?"

"अमरावतीले. ताईकडे."

"किती दिवसांपासून?"

"अकोल्यात आली तेव्हापासून."

खुशालरावांचा जबडा हलला. "चाल. सामान मागून आणतो. झालं तुयं शिक्षण."

 फाटकापर्यंत प्राजक्ता मागून आली, "आचल, आचल" म्हणत. आचलनं वळून पाहिलं नाही.

बसस्टँडवर कोजागिरी करून परतणाऱ्यांची ही गर्दी. अकोटची गाडी लागली आणि लोक दाराशी तुटून पडले. खुशालरावांनी वऱ्हाडात सगळेच करतात तसं केलं. खिडकीतून दुपट्टा आत टाकून दोन जणांची सीट धरली, आणि घाम पुसत आचलकडे आले.

"चढ."

"मी नाही येत."

"तमाशा करू नको. चाल म्हटलं ना."

"सोमवारी पेपर हाय माया. मी नाही येत, अण्णा."

"हळू बोल!" खुशालरावांनी इकडे तिकडे पाहिलं. "लोक पाहून राहिले."

आचलनं बापाकडे पाहिलं. घरातून पोरगी गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. सगळ्यात आधी त्यानं खिडक्या लावल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत बंगलोरच्या नोकरीचे पेढे वाटले होते. ते पेढे आचलच घरोघर घेऊन फिरली होती. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं आणि ती मान डोलावत गेली होती. त्या पेढ्यांची आठवण होऊन तिला आता बापाचा जेवढा राग आला, तेवढा स्वतःचाही आला.

"काय खुशालराव!" गर्दीतून त्यांच्याच गल्लीतले शेषराव पिशवी सावरत पुढे आले. "पोरीले घ्याले आले काय? बरं केलं. अन मोठी कशी हाय, बंगलोरची? यंदा दिवाळीले तरी येते का नाही?"

खुशालरावांनी हसायचा प्रयत्न केला. "मजेत हाय. सुट्टीचं जमलं तं..."

"काका," आचल म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की रांगेतल्या दोन बायांनी वळून पाहिलं. "ताई बंगलोरले नाही. कधीच नव्हती. अमरावतीले हाय. लग्न झालं तिचं, बौद्धाच्या घरी. सुखात हाय. अण्णा तिच्याशी बोलत नाहीत. मी बोलतो, दर रविवारी जातो. सगळ्या अकोटले सांगून द्या."

 शेषरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, "असं काय... असं काय" असं काहीतरी पुटपुटले आणि गाडीत चढून गेले.

खुशालराव उभेच होते. त्यांचा हात वर आला. आचलनं डोळे मिटले नाहीत. हात अर्ध्यातच थांबला, खांद्याकडे गेला, दुपट्टा तिथं नाही हे कळल्यावर सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत राहिला.

"काय केलं वं तू हे," ते हळूच म्हणाले. "आता मी त्या गल्लीतून कसा चालू?"

"जसं तुमी ताईले एकटीनं चालाले लावलं, तसं," आचल म्हणाली.  "घरी नेऊन काय लपवसान आता? लपवाचं काही राह्यलं नाही. न्याचं असन तं ओढत न्या, इथं, सगळ्यांसमोर. नाही तं मले माया पेपरले जाऊ द्या."

ते ओढणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यांना त्यांच्याच भीतीनं बांधून टाकलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली. खुशालरावांनी एकदा तिच्या बॅगकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि दांडा धरून ते वर चढले.  ये म्हणाले नाहीत, नको येऊ म्हणाले नाहीत.

आचलनं फोन काढला. आजवर ताईला फोन करायचा तर ती आडोसा शोधायची, खोलीच्या बाहेर जायची, आवाज दाबायची. आज ती फलाटाच्या मधोमध उभी राहिली. "ताई," ती म्हणाली, "सांगून टाकलं मी. हो, अण्णांच्या तोंडावर. नाही, रडून नाही राहिली. रागानं बोलून राहिली."

गाडी मागे सरकली, वळली आणि तिच्यासमोरून जाऊ लागली. उघड्या खिडकीत खुशालराव बसले होते, ताठ, समोर पाहत. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. कडेवर पोर घेतलेली एक बाई वाकून त्यांना विचारत होती, "दादा, इथं कोणी हाय काय?"

शेजारच्या सीटवर दुपट्टा तसाच पसरलेला होता. खुशालरावांनी त्यावर हात ठेवला.

"हाय," ते म्हणाले.