नळीवरचा जुना आकडा

टोर्लेइवच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात गुडवेग केक घेऊन आली, तेव्हा तो हातात कानस धरून उगाचच इकडून तिकडे येरझारा घालत होता. एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. आज खोऱ्यात कुणालाच काम सुचत नाही, आणि जो रानात गेलेला नाही त्याला तर मुळीच नाही.

"तू इथे कशी? रानात नाही गेलीस?"

"कंबर धरली रे माझी. रायफल जावयाला दिली. ऐविन पहाटेच गेला माझ्या जागेवर."

टोर्लेइवने कानस खाली ठेवली. "आणि काडतुसं?"

"त्यानेच आणली काल. नळीवर काडतुसाचा आकडा आहे की! ओस्लोचा असला तरी वाचता येतं हो त्याला."

आकडा होता, हेच तर दुखणं. तो आता खोटा होता.

गुडवेगच्या नळीत काडतूस बसतं त्या घराला गंजाने खड्डे पडले होते. टोर्लेइवने पंधरवड्यापूर्वी ते घर आणखी खोल कोरून लांब काडतुसाचं केलं. खड्डे गेले, काम झकास झालं. अशा वेळी आखूड काडतुसाचा जुना 'तीनशे आठ' खोडून 'तीस-शून्य-सहा' ठोकायचा असतो. पण जुना आकडा गुडवेगच्या वडिलांनी हाताने ठोकलेला, त्यातला आठ जरा कलंडलेला. "बाबांचा हात आहे तो, राहू दे ना," ती म्हणाली, आणि चाळीस वर्षांत कुणाचं न ऐकलेला हा बाप्या विरघळला. नवा आकडा कागदावर लिहून त्याने ती चिठ्ठी घोड्यापाशी बांधली. कागदावर! शिकाऊ पोरानेही केलं नसतं.

"चिठ्ठी कुठेय?"

"फांदीत अडकेल म्हणून मीच काढली."

"ऐविनला सांगितलंस?"

गुडवेगचा चेहरा उतरला. "अरे देवा. राहिलंच."

आखूड काडतूस त्या घरात जातं, मागून पकडणाऱ्या आकडीत अडकून बसतं, उडतंही. मग पुढच्या रिकाम्या जागेत फाटतं आणि तापलेला वायू मागे डोळ्यांवर येऊ शकतो. ऐविनचा फोन बंद, गुडवेगचा वॉकीटॉकीही त्याच्याकडेच. टोर्लेइवने लांब काडतूस खिशात टाकलं, गुडवेगला शेजारी बसवून गाडी काढली. वाटभर त्याने गिअरला शिव्या घातल्या.

रानात कुत्रा भुंकत होता, म्हणजे जनावर उठवायचा हाकारा सुरू झालेला. अशा वेळी शिकाऱ्यांच्या रांगेत कुणी पाय ठेवत नाही. ठेवला तर टोळी आयुष्यभर तोंड बघत नाही, आणि गोळी लागली तर ती वेगळीच. टोर्लेइव नारिंगी जाकीट चढवून बोंबलत आत शिरला.

बर्चच्या झाडांतून एल्क बाहेर आला. ऐविनचा गाल दस्त्याला टेकला.

"थांब! उडवू नकोस!"

एल्क वळला आणि दिसेनासा झाला.

"वेड लागलंय का तुम्हाला? पहिला होता माझा!" ऐविन ओरडला.

टोर्लेइवने रायफलचा बोल्ट मागे ओढून काडतूस शेवाळावर पाडलं आणि खिशातलं त्याच्या शेजारी धरलं. पडलेलं बोटाच्या रुंदीइतकं आखूड. "घर लांब काडतुसाचं आहे. हे तुझ्या तोंडावर फुटलं असतं." ऐविनने रायफल हळूच शेवाळावर ठेवली.

टोळीचा म्होरक्या ओस्मुंड लालबुंद होऊन आला. मागून गुडवेग कंबर धरून. "चूक माझी," ती म्हणाली, "मीच नको म्हटलं खोडायला."

"ती म्हणेल काहीही. हातोडा माझ्या हातात होता," टोर्लेइव म्हणाला.

ओस्मुंडने शेवाळावरचं काडतूस उचलून बघितलं. "आमच्यातली एकही रायफल आता तुझ्याकडे यायची नाही."

"नको येऊ दे."

त्याला लाज वाटत होती. गुडवेगने रायफल उचलून त्या कलंडलेल्या आठावरून अंगठा फिरवला.

"बाबा असते ना, तर त्यांनी स्वतःच हा आकडा खोडला असता," ती म्हणाली. "आणि तुला विचारलं असतं, तू कारागीर आहेस की माझ्या लेकीचा लाडोबा?"

आकडा खोडायला टोर्लेइवने रायफल तिच्या हातातून घेतली.