चामड्याचा धडा

धडे गावाने ठरवावेत, या हक्कासाठी विज्ञानाच्या बाईंनी जिवाचं रान केलं होतं. राजधानीतलं शिक्षण मंडळ साऱ्या देशाला एकच पुस्तक धाडायचं. कोणत्या आठवड्यात कोणता धडा घ्यायचा तेही तिथेच ठरायचं; पोरांच्या डोक्यात काही शिरलं का, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. बाईंनी पालक गोळा केले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. अखेर मंडळ नमलं. काही धडे गावच्या शाळा समितीने बदलले तरी चालतील, असं ठरलं.

समितीचा अध्यक्ष झाला बाईंचा सख्खा थोरला भाऊ, चामड्याच्या कारखान्यातला मुकादम. बाईंना हायसं वाटलं.

पहिल्याच बैठकीत दादाने आठवीचा 'पाण्याची तपासणी' हा धडा काढायला लावला. त्याच्या जागी 'आपला चामड्याचा धंदा'. भराभर हात वर झाले. काढलेल्या धड्यात मुलांनी नदीचं पाणी बाटलीत भरून तपासायचं होतं, आणि कारखाना नदीकाठीच होता. हे मात्र कोणी बोललं नाही.

संध्याकाळी बाईंचं कशात चित्त लागेना. वह्या उघडल्या, मिटल्या. भाजी करपली. शेवटी चपला अडकवून त्यांनी भावाचं घर गाठलं.

"धडा का काढलास, दादा?"

"आमच्या पोरांना काय शिकवायचं ते आम्ही ठरवू, असं कोण म्हणत होतं गं?" दादा मान वर न करता म्हणाला. "अर्ध्या गावाची चूल त्या कारखान्यावर पेटते."

"आणि आपण पिण्याचं पाणी विकत आणतो," वहिनी आतून म्हणाली.

मंडळाकडे तक्रार केली तर धडा परत आला असता. पण मग हक्कही गेला असता. बाई रस्ताभर स्वतःशीच भांडत घरी आल्या.

मग त्यांनी चामड्याचा धडाच शिकवायला घेतला. त्यात कारखाना दाखवायचा होता. दादाने मोठ्या कौतुकाने मुलांना फिरवलं: कातडी चुन्याच्या हौदात का भिजवतात, केस कसे उतरतात, चामडं मऊ कशाने होतं. मुलं नाकं दाबून ऐकत होती. दादाच्याच हाताखालच्या कामगाराची मुलगी हौदापाशी रेंगाळली.

"काका, हे पाणी नंतर कुठे जातं?"

दादाने बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता हा विषय बदलणार.

"नदीत," तो म्हणाला. "गाळायचं यंत्र कधीचं बंद आहे."

पुढच्या बैठकीत चामड्याचा धडाही काढून टाकला आणि अध्यक्षही बदलला. त्या तासाला आता मुलं सुवाच्य अक्षर गिरवतात. कारखान्याने दादाला हौदांवरून काढून गोदामात बसवलं. बाईंनी त्याची माफी मागितली, तर तो उलट चिडला.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःहून दारात आला. म्हणाला, पालकांना पुन्हा गोळा करू, या वेळी मी बोलतो. दोघं निघाली. पहिल्या घरी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरच्या बाईने आत घेतलं, पण खिडक्या लावून.